मेलेल्या जंतूंची साक्ष

यंत्राचा दिवा लाल झाला तेव्हा वैजयंता मुळीकला सगळ्यात आधी आनंद झाला. तान्ह्या मुलांच्या खाण्यात जंतू सापडल्यावर तपासनीस बाईला आनंद होणं काही शोभत नाही, हे तिलाही कळत होतं. पण समोरच्या डब्यावर नाव होतं 'बाळओज नाचणी सत्व', कारखाना होता विश्वजित नेसरीकरांचा, आणि विश्वजित नेसरीकर म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान, तिचे दाजी. या माणसाच्या नावापुढे लाल दिवा लागलेला बघायचा, एवढ्यासाठीच तर तिने ही नोकरी धरली होती.

गडहिंग्लजच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या आवारात तिची तपासणीची गाडी उभी होती. आत ती एकटीच. फळीवर 'पारखी' घुमत होती. दिसायला मिक्सरच्या भांड्याएवढं हे यंत्र. चिमूटभर पीठ पाण्यात कालवून त्यात घातलं की आधी ते जंतूंची कवचं फोडतं आणि आतला डीएनए मोकळा करतं. प्रत्येक जातीच्या जंतूच्या डीएनएत एखादा तुकडा असा असतो, की तो दुसऱ्या कोणाकडे सापडत नाही. यंत्रातलं रसायन नेमका तोच तुकडा हुडकतं आणि एकाचे दोन, दोनाचे चार करत त्याच्या कोट्यवधी नकला काढतं. नकला पुरेशा झाल्या की पाणी चमकतं आणि दिवा पेटतो. पूर्वी याच कामासाठी प्रयोगशाळेत जंतू वाढवत बसावं लागे. त्यांची वाढ होईतो पीठ पोरांच्या पोटात गेलेलं असे. पारखी तुमचा चहा होईपर्यंत उत्तर देते, आणि तपासनिसाने कळ दाबली की ते उत्तर त्या मालाचा डबा घेतलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोनवर उमटतं.

सापडला होता तो क्रोनोबॅक्टर. मोठ्या माणसाला त्यानं काही होत नाही. पण कोरड्या पिठात पाण्याच्या थेंबाशिवाय तो वर्षानुवर्षं तग धरतो, कोमट पाणी मिळालं की जागा होतो, आणि तान्ह्या मुलाच्या अंगात शिरला तर थेट मेंदूपर्यंत जातो.

पारखीला एकच गोष्ट कळत नाही: सापडलेला डीएनए जिवंत जंतूचा आहे की मेलेल्याचा. विस्तवावर होरपळून मेलेला जंतू कोणाचं काही बिघडवत नाही, पण त्याचा डीएनए पिठात मागे राहतो आणि दिवा तितकाच लाल लागतो. त्यावर उपाय आहे. मेलेल्या जंतूची त्वचा फाटलेली असते. एक खास रंग त्या फटीतून आत जातो आणि प्रखर उजेड पाडला की डीएनएला असा चिकटून बसतो, की पुढे त्याची नक्कलच निघत नाही. जिवंत जंतू त्या रंगाला आत येऊ देत नाही. म्हणजे रंग घालूनसुद्धा दिवा लाल लागला, तर जंतू जिवंत आहेत असं समजायचं. मात्र ही रंगाची चाचणी गाडीत होत नाही. नमुना कोल्हापूरला पाठवावा लागतो आणि खुलासा दुसऱ्या दिवशी येतो.

वैजयंताच्या वेळी तो यायला आठवडा लागला होता. त्या एका आठवड्यात तिच्या आयुष्याची माती झाली.

तेव्हा ती आजऱ्याला राहायची. परसात शेड होती. ती, तिची थोरली बहीण आक्का आणि गल्लीतल्या बायका मिळून नाचणीचं सत्व करायच्या. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, उन्हात वाळवायची, दळायची, वस्त्रगाळ करायची आणि सगळ्यात शेवटी मंद आचेवर लोखंडी कढईत खमंग वास सुटेपर्यंत भाजायची. मग ते शिजवावं लागत नाही, कोमट पाण्यात कालवलं की झालं. भाजणं आक्काकडे, तिचा हात त्यात बसलेला. माल पुण्याच्या दुकानांत नेऊन विकायचं काम दाजींचं. पारखी नवीन आली होती, लोकांना तिचं कोण कौतुक. एका सकाळी वैजयंताच्या सत्वापुढे लाल दिवा लागला आणि दुपारपर्यंत कॅमेरे दारात. ती घसा फोडून सांगत होती, अहो, आम्ही शेवटी भाजतो, त्यात काही जिवंत राहत नाही, रंगाची चाचणी होऊ द्या. कॅमेऱ्यांना तिचं बोलणं नको होतं. त्यांना शर्टात खोचलेलं पेन असलेला माणूस हवा होता. दाजी पुढे झाले आणि म्हणाले, "घरगुती बायका आहेत हो. त्यांच्या स्वच्छतेचं मी काय सांगणार?"

भाजतात हे दाजींना ठाऊक होतं. कढया त्यांनीच आणून दिल्या होत्या. आणि त्यांच्या पाठीमागे, पदर डोक्यावर घेऊन, आक्का उभी होती. ते पीठ तिने स्वतःच्या हाताने भाजलं होतं. ती चकार शब्द बोलली नाही.

आठवड्याने खुलासा आला: सर्व जंतू मृत, माल निर्धोक. तो कोणी वाचला नाही. शेड मोडली, बायका दुसऱ्यांच्या शेतावर गेल्या. वर्षाच्या आत दाजींनी 'यंत्रशुद्ध' सत्वाचा कारखाना काढला, पद्धत तीच. वैजयंताला बाहेरची बदनामी एकवेळ सोसली असती. पण तिचा स्वतःचा नवरा, जन्मभर सकाळी सत्व पिणारा, एक दिवस म्हणाला, "नको, आज चहाच दे." मग रोजच चहा झाला. ते तिला सुरीसारखं लागलं. ज्या हत्याराने आपल्याला मारलं ते चालवायला शिकायचंच, असं ठरवून ती तपासनिसाच्या परीक्षेला बसली.

आता गाडीच्या दारात दाजी उभे होते. केस पिकले होते, पेन अजून खिशाला होतं.

"वैजू, लाल आलंय म्हणे?"

"आलंय की."

दाजी आत येऊन स्टुलावर बसले. घाबरलेले दिसत होते, पण फार नाही. "आगं, मेलेले असणार ते. भट्टीत भाजतोय आम्ही. हे बघ, तापमानाचा आलेख." त्यांनी फोन पुढे केला. आलेख चोख होता, एवढ्या आचेला क्रोनोबॅक्टर उभा राहणं शक्य नव्हतं. "पिवळा दे. उद्या रंगाचा खुलासा येईलच. तोवर माल हलू दे, ट्रक भरून उभे आहेत."

पिवळा दिवा ही वैजयंतासारख्यांच्या हालांवरून निघालेली सोय. कारखानदाराने भाजल्याचा पुरावा दाखवला आणि तपासनिसाचं समाधान झालं, तर लाल न देता पिवळा द्यायचा. माल विकायला मोकळा. सगळे तपासनीस आलेख बघून पिवळा देत. वैजयंताही देई, आणि देताना तिला दर वेळी वाटे, माझ्या वेळी हे असतं तर. तिला खात्री होती की हे जंतू मेलेले आहेत. पद्धत तिची होती, शेवटी भाजायची. दाजींनी चोरली होती तशीच्या तशी.

"माझं समाधान झालं नाही," ती म्हणाली.

दाजींना आधी ते कळलंच नाही. "कशानं व्हायचं राहिलं? आलेख दिसत न्हाई व्हय?"

"दिसतोय. समाधान झालं नाही."

मग मात्र ते कळलं. त्यांचा चेहरा उतरला. "वैजू, असं करू नको. तुला माहीत आहे ते मेलेत. तू लाल दाबलंस तर उद्या खुलासा येऊन काय उपयोग? कोण वाचणार तो?"

"कोणी वाचत नाही," वैजयंता म्हणाली. "मला विचारा की."

दाजींनी आक्काला फोन लावला, तो वैजयंताच्या हातात दिला आणि ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले. पलीकडे कारखान्यामागच्या घरात आक्का होती. नात रडत असल्याचा आवाज येत होता.

"वैजू," आक्का म्हणाली, "आत्ता सत्व कालवायला घेतलंय बघ, पोरगी भुकेजलीया. काय झालं? हे का असं बोलतात?"

"लाल आलंय."

आक्काने विचारलं, "मेलेले आहेत ना गं?"

"तुझ्या नवऱ्याला विचार. कॅमेऱ्यासमोर काय बोलायचं असतं ते त्यांना चांगलं ठाऊक आहे."

"वैजू, माझ्याकडं बघून तरी…"

"तुझ्याकडं बघितलं होतं मी, आक्का. तू पदर सावरत होतीस."

तिने फोन दारातून दाजींना परत दिला आणि कळ दाबली. तिला असं वाटलं की घशात कित्येक वर्षं अडकलेला घास खाली उतरला. दाजी आवारात उभे होते. त्यांच्या खिशातला फोन वाजला, मग फाटकावरच्या रखवालदाराचा, मग आत पाळीवर असलेल्या बायकांचे एकामागून एक. वैजयंताने यंत्र पुसलं, डबा सीलबंद करून कोल्हापूरच्या गाडीत दिला आणि घरी निघून गेली.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. टीव्हीवर कारखान्याच्या फाटकापुढे आया डबे आपटत होत्या, पांढरट तपकिरी पीठ रस्त्यावर उडत होतं. दाजी हात जोडून म्हणत होते, आम्ही भाजतो, जरा थांबा, उद्या खुलासा येईल. शब्द न् शब्द तिचाच. तिने आवाज वाढवला. नवरा म्हणाला, "पुरे की आता." ती म्हणाली, "तुम्ही चहा प्या."

दुसऱ्या दिवशी खुलासा येणार, सर्व मृत, माल निर्धोक. मग दाजी तो कागद घेऊन दारोदार फिरणार आणि लोक दार लावून घेणार. ते बघायचं एवढंच बाकी होतं. सूड पुरा व्हायला दाजी निर्दोष असणंच गरजेचं होतं, आणि ते निर्दोष आहेत हे तिला जितकं पक्कं माहीत होतं तितकं दुसरं काहीच नव्हतं.

सकाळी प्रयोगशाळेतून डॉक्टर साबळे मॅडमचा फोन आला.

"मुळीक बाई, तुम्ही पिवळा दिला असता तर आज काय झालं असतं ठाऊक आहे? जिवंत आहेत. रंग घालूनही दिवा लाल. नमुना भरून वाहतोय."

वैजयंताने विचारलं, "कसं शक्य आहे? भट्टी आहे तिथे."

"भट्टीनंतर शिरलेत. आमची माणसं रात्रीपासून कारखान्यात आहेत. जंतूचा सगळा डीएनए वाचला की त्याचं गोत्र कळतं. डब्यातल्या जंतूचं गोत्र जुळलं ते चाळणीच्या कापडाशी."

"कापड?"

"डब्यावर 'वस्त्रगाळ' छापलंय ना, म्हणून यंत्राच्या चाळणीलाही सुती कापड लावलंय. रोज धुतात आणि ओलसरच चढवतात. आणि हे गाळणं भाजल्यावर. भाजून पिठाच्या गुठळ्या होतात म्हणे, गिऱ्हाइकाला आवडत नाहीत. म्हणून आधी भाजायचं, मग गाळायचं."

वैजयंताला तिची शेड आठवली. तिच्या शेडमध्ये गुठळ्या हाताने चुरत. कापड भाजण्याच्या आधी, आणि तेही कडक उन्हात वाळून कडकडीत झालेलं. चोरायचं तर नीट तरी चोरावं माणसाने, असा विचार तिच्या मनात आला आणि स्वतःचीच शिसारी आली.

"चंदगडकडच्या एका बाळाला ताप होता," साबळे मॅडम सांगत होत्या. "साधा ताप म्हणून गुटी देत बसले होते. लाल दिसल्यावर आई डॉक्टरकडे धावली. वाचलं ते. सगळे आलेख बघून पिवळा देतात, बाई. तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं," वैजयंता म्हणाली. पण मॅडम एवढ्या भारावल्या होत्या, की त्यांना तो विनय वाटला.

दोनच दिवसांत ती तालुक्याची लाडकी झाली. बायका येऊन तिच्या पाया पडू लागल्या. गल्लीत फलक लागला, त्यावर तिचा फोटो आणि खाली 'बाळांची कैवारी'. ज्या लोकांनी तिचं सत्व उकिरड्यावर फेकलं होतं, तेच आता ओट्यावर बसून म्हणत, आम्हाला तेव्हाच वाटलं होतं, बाई प्रामाणिक आहे. नवऱ्याला तर अभिमानाने काय करू नि काय नको झालं होतं. वैजयंता आतल्या आत जळत होती. तिने एका निरपराध माणसाला फासावर चढवलं होतं आणि माणूस खरोखरच गुन्हेगार निघाला होता. तिच्या हाती सूड म्हणून काहीच राहिलं नव्हतं.

मग दाजी आणि आक्का घरी आले. पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत. आक्काच्या कडेवर नात होती, गुबगुबीत, टकमक बघणारी. दाजींनी दारातच हात जोडले.

"वैजू, त्या दिवशी वाटी कालवून तयार होती. तुझ्या आक्कानं फोनवर लाल बघितलं आणि वाटी मोरीत ओतली. माझी नात तुझ्यामुळं आहे."

ते खरं बोलत होते, डोळे भरले होते. आणि खरं बोलत असतानाच पुढचंही बोलून गेले, कारण दाजी ते दाजीच. "रविवारी नगरपालिकेत तुझा सत्कार ठेवलाय. मीच पुढं होऊन तुला साडी देतो. चुकलं माझं, पण या बाईनं माझे डोळे उघडले, असं बोलतो सगळ्यांपुढं. तुझं नाव होईल, माझं जरा सावरेल. चाळणी बदललीच आहे. आपलं घर परत एक होईल. मागचं उकरायला नको."

वैजयंताने आक्काकडे बघितलं. आक्का नातीच्या झबल्याची नाडी बांधत होती. सुटलेली नसतानाही बांधत होती.

"दाजी," वैजयंता म्हणाली, "मला वाटलं होतं जंतू मेलेत. वाटलं नाही, खात्री होती. तुमचं वाटोळं व्हावं म्हणून दाबलं मी लाल."

दाजी हसल्यासारखं करून म्हणाले, "ते मला कळलं नसेल व्हय? कळलं म्हणून तर म्हणतो, दोघांनीही मागचं काढायला नको. तपासनीस बाईनं घरच्या रागापायी दिवा दाबला, असं कळलं तर तुझी नोकरी जाईल. फलक उतरतील. मी तोंड उघडणार न्हाई, तूही उघडू नको."

"येते मी रविवारी," एवढंच ती म्हणाली.

सभागृह भरलं होतं. चंदगडच्या बाळाची आई पहिल्या रांगेत, मांडीवर बाळ. साबळे मॅडम मंचावर. कॅमेरे तर इतके होते की त्यातला एखादा त्या जुन्या दिवशीचाही असेल. दाजींनी साडी दिली, नारळ दिला, भरल्या गळ्याने बोलले, टाळ्या मिळवल्या आणि मंचावरच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर तजेला परत आला होता. दोन-तीन वर्षांत कारखाना पुन्हा चालेल, असा तो चेहरा होता.

वैजयंता माईकपाशी आली. तिला त्या क्षणी चांगलं व्हायचं नव्हतं, थोर व्हायचं नव्हतं. तिला फक्त हा माणूस खुर्चीतून खाली ओढायचा होता, आणि त्याला ओढायची दोरी स्वतःच्या कमरेला बांधलेली आहे हे तिने मान्य केलं होतं.

"मला शाबासकी देऊ नका," ती म्हणाली. "मी लाल दाबला तेव्हा मला खात्री होती की माल निर्धोक आहे. नेसरीकरांचं नाव मातीत घालायचं म्हणून दाबला. जंतू जिवंत निघाले यात माझं काही नाही. पिवळा द्यायचा नियम खोटा आहे, तो बदला. भट्टीचा आलेख बघून कोणाचं पोर वाचत नाही, रंगाची चाचणी गाडीतच झाली पाहिजे. आणि माझ्यासारख्या बाईच्या हातात ही कळ ठेवू नका. माझा राजीनामा मॅडमकडे दिलाय."

चंदगडची आई तोंडावर हात धरून बघत होती. नवरा मान खाली घालून बसला होता. साबळे मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो बघताना वैजयंताला पहिल्यांदा खरोखर वाईट वाटलं. पण ती थांबली नाही. ती वळली.

"माझं झालं. आता तुम्ही सांगा, दाजी. माझ्या सत्वातले जंतू मेलेले होते, हे तुम्हाला कधी कळलं होतं? आठवड्याने, का त्याच दिवशी?"

सगळे कॅमेरे वळले. दाजींनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. "ही वेळ न्हाई, वैजू," ते हळूच म्हणाले. "बस खाली." ते उठले नाहीत. उठणार नाहीत हे दिसत होतं, आणि वैजयंताकडे पुढे काहीच उरलं नव्हतं. स्वतःला जाळून झालं होतं आणि दाजींना धगही लागली नव्हती.

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आक्का उठली. शेजारच्या बाईकडे नातीला देऊन ती मंचाच्या पायऱ्या चढली. दाजींनी तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला. डोक्यावरचा पदर मागे पडला होता, तिने सावरला नाही.

"मी निर्मला नेसरीकर," आक्का माईकमध्ये म्हणाली. आवाज एवढा मोठा घुमला की ती दचकली आणि मग तेवढ्याच आवाजात पुढे बोलली. "माझ्या बहिणीच्या सत्वात काही जिवंत नव्हतं. ते मी भाजलं होतं. ह्यांना त्याच दिवशी मी सांगितलं होतं. हे म्हणाले, गप्प बस. मी बसले."

ती माईक सोडून वैजयंताकडे वळली, आणि माफी मागायचं धाडस न झाल्याने तशीच उभी राहिली.